एल्मरच्या गाडीची शनिवारची आंघोळ

एल्मर केस्किटालोने आपली गाडी पहिल्यांदा सौनेत, म्हणजे परसातल्या वाफेच्या लाकडी खोलीत, घातली तेव्हा त्याची बायको वर्ना स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या गोड पावाची वेणी घालत होती. खिडकीतून तिने पाहिलं, नवऱ्याने अंगणात गाडी वळवली, सौनेच्या नव्या रुंद दरवाजातून हळूच आत नेली आणि दरवाजा ओढून घेतला. जरा वेळाने धुराड्यातून धूर निघाला. वर्नाच्या हातातली वेणी तशीच अर्धी राहिली.

तोपर्यंत तिची समजूत होती, की सौना तिच्यासाठी मोठी होते आहे.

तसं वाटायला कारणही होतं. पानगळ सुरू झाल्यापासून एल्मर परसात ठोकाठोक करत होता. सौनेला लागून जळणाची खोली होती, ती पाडून त्याने जागा वाढवली, फळ्या मारल्या, जमीन दाराकडे उतरती केली. विचारलं तर म्हणे, "जागा लागते." वर्नाला वाटलं, नाताळात लेकी येतील, नातवंडं येतील, सगळ्यांना एकदम बसता यावं असं म्हाताऱ्याच्या मनात असेल. चर्चमधल्या बायकांना तिने हे कौतुकाने सांगून टाकलं होतं. "बोलत नाही तो, पण मनात असतं हो त्याच्या," असंसुद्धा म्हणाली होती. आता हे शब्द गिळायचे कसे, हा प्रश्न होता.

गाडीचं हे वेड मिठामुळे लागलं होतं. अमेरिकेत मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी, खायला लागतं त्याहून कितीतरी जास्त मीठ रस्त्यावर टाकायला लागतं. पहिला बर्फ पडला की हमरस्त्यावर मिठाचे ट्रक फिरायला लागतात, ते थेट वसंत येईपर्यंत. बर्फ वितळतो हे खरं, पण ते खारं पाणी उडून गाडीच्या पोटाला, दारांना, चाकांच्या वरच्या कमानींना चिकटतं आणि लोखंड खात बसतं. एल्मरने जन्मभर शाळेची बस चालवली. बसमध्ये पोरांचा नुसता कल्ला आणि हा एकटा गप्प. स्वतःच्या गाड्या मात्र त्याने कायम दुसऱ्याने वापरून सोडलेल्या घेतल्या आणि एकेक करून मिठाला वाहिल्या. एकीचं दार उघडताना हातातच आलं. एकीच्या तळाला असं भगदाड पडलं, की किराण्यातला कोबी मागच्या रस्त्यावरून घरंगळत निघालेला वर्नाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

निवृत्त झाल्यावर त्याने पहिल्यांदा नवी कोरी गाडी घेतली. चेरीसारखी लालबुंद. आणि दुसऱ्याच दिवशी ती खाली गावात ट्रॅव्हिसकडे नेली. हा ट्रॅव्हिस म्हणजे दाढीवाला, कानात बाळी घालणारा तरुण. गाड्यांच्या रंगावर कोटिंग चढवण्याचं त्याचं दुकान. काचेसारखा पातळ थर बसतो, पाणी पडलं की थेंब होऊन घरंगळतं, घाण घट्ट धरत नाही. गाडी परत देताना त्याने नियम सांगितले. "मीठ अंगावर वाळू द्यायचं नाही काका. वाळलंच तर कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, खडे रंगावर ओरखडे काढतात. आधी भरपूर पाण्याने भिजवून उतरवायचं, मग मऊ साबणाचा फेस, मग परत पाणी. आठवड्यातून एकदा तरी."

"हिवाळ्यात?" एल्मरने विचारलं.

"हिवाळ्यातच," ट्रॅव्हिस म्हणाला.

एल्मर पक्का ल्यूथरन होता. पण ट्रॅव्हिसचं बोलणं त्याने ज्या भक्तीने ऐकलं, त्या भक्तीने पास्टरचं प्रवचन ऐकल्याचं वर्नाला आठवत नव्हतं.

मग घरात नवे कायदे आले. मिठाच्या ट्रकच्या मागून गाडी न्यायची नाही. हमरस्ता शक्यतो टाळायचा. आतल्या रस्त्यांवर मिठाऐवजी वाळू टाकतात, तिकडून जायचं. घरापासून चर्च हाकेच्या अंतरावर, पण वाळूच्या रस्त्याने डोंगराला वळसा घालून जाईपर्यंत पहिली दोन भजनं होऊन जात. आणि सगळ्यात कडक कायदा जोड्यांचा. तिकडे घरात कुणी जोडे घालून येत नाही, ही जुनीच रीत. एल्मरने ती गाडीला लावली. दार उघडायचं, सीटवर टेकायचं, जोडे बाहेर झटकून काढायचे, पिशवीत घालायचे आणि मोजे घातलेले पाय आत घ्यायचे. एकदा पास्टरबाई, डॉरिस हिल्टुनेन, चर्चपासून घरापर्यंत सोडा म्हणाल्या. बाईंनी कायद्याप्रमाणे जोडे काढून बर्फात ठेवले. पिशवीची वाट बघत होत्या. एल्मरने दार लावलं आणि गाडी काढली. घर आल्यावर बाई मोज्यांवर अंगणातून पळत गेल्या, आणि त्यांचे फरचे जोडे चर्चच्या आवारात रात्रभर शेजारी शेजारी उभे राहिले. सकाळी ते बघून कुणीतरी पोलिसांना फोन केला, की बाई नाहीशी झाली आहे.

"लाज वाटते मला," वर्ना म्हणाली.

"पिशवी मागायला हवी होती त्यांनी," एल्मर म्हणाला.

गाडीवर मीठ आहे की नाही हे पाहायचं त्याचं तंत्रही स्वतःचं होतं. बॉनेटवरून बोट फिरवायचं आणि चाटायचं. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्याचं मीठ बंद केलेलं. जेवताना अळणी सूपपुढे तोंड वाकडं करून बसायचा आणि उठून अंगणात जाऊन गाडी चाटून यायचा. "जेवून आलास का?" वर्ना विचारायची. त्यावर तो हं म्हणायचा.

राहता राहिली आठवड्याची धुलाई. कडाक्याच्या थंडीत गाडीवर पाणी ओतलं तर खाली पडायच्या आत त्याचा बर्फ होतो. गावातलं गाड्या धुवायचं केंद्र अशा दिवसांत बंदच असतं. दुसरा कुणी असता तर त्याने हात टेकले असते. एल्मर पडला फिनिश बापाचा मुलगा. पाठ धरली, सौनेत जा. पडसं झालं, सौनेत जा. बाळंतीण झाली, सौनेत. भांडण झालं, सौनेत. जी जागा माणसाच्या सगळ्या तक्रारी काढते ती गाडीच्या अंगचं मीठ काढणार नाही, असं त्याला वाटणंच शक्य नव्हतं. चुलीचं तोंड त्याने भिंतीच्या बाहेर काढलं होतं, पेट्रोल आणि जाळ एका खोलीत नकोत म्हणून. तेवढी अक्कल शाबूत होती.

हसून सोडून देण्यासारखं हे सगळं होतं, आणि वर्नाने सोडलंही असतं. पण त्या फिनिश लोकांचं एक आहे. घरात प्रत्येक गोष्टीला जागा ठरलेली असते: खायला स्वयंपाकघर, झोपायला खोली आणि बोलायला सौना. एल्मर एरवी दिवसभरात तिच्याशी जेवढं बोलायचा, त्याहून जास्त दारात आलेला पोस्टमन बोलायचा. पण शनिवारी संध्याकाळी दोघं वरच्या फळीवर अंधारात शेजारी बसली, त्याने चुलीवरच्या तापल्या दगडांवर पाण्याचे दोन-तीन पळे टाकले आणि वाफ कानांना चावायला लागली, की त्याची जीभ सुटायची. लेकींची नावं तिथे ठरली. घर घ्यायचं तिथे ठरलं. त्याला बसमधली कुठली पोरं आवडतात, कशाची भीती वाटते, हे सगळं वर्नाला तिथेच कळलं होतं. लग्न झाल्यापासून आठवड्यातला तेवढा एक तास तिचा होता, आणि त्यावर ती उरलेले सहा दिवस काढायची.

आता पहिली पाळी गाडीची. एल्मर तिच्याबरोबर आत जायचा आणि दरवाजा लावून घ्यायचा. गाडीचं उरकून वर्नाची पाळी येईपर्यंत जमिनीवर खारट गाळ, एवढ्या मोठ्या खोलीत दगडांची धग पुरत नाही, फळीवर बसलं तर कोमट. आणि शेजारी एल्मर, दमलेला, गप्प. कारण आठवड्याचे शब्द तो गाडीपाशी बोलून बसलेला असे. वर्नाने भिंतीला कान लावून खात्री करून घेतली होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज त्याचाच होता, तोच हळू, अडखळता, शनिवारचा आवाज.

इतक्या वर्षांच्या संसारात मिठाचा खडा पडला तो असा. वर्नाला नुसता राग आला नाही, मत्सर वाटला. आणि हे सांगायचं कुणाला? दुसरी एखादी बाई असती तर चर्चमध्ये कॉफीच्या टेबलावर चार अश्रू तरी ढाळता आले असते. "नवरा माझ्याशी न बोलता गाडीशी बोलतो" असं सांगितलं की बायका म्हणायच्या, "अगं, आमचा तर कुणाशीच बोलत नाही."

शेवटी ती ट्रॅव्हिसकडे गेली. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून तिने सगळं सांगितलं. ट्रॅव्हिसने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"सौनेत? म्हणजे आपल्या सौनेत?"

"आपल्या नाही, माझ्या," वर्ना म्हणाली.

"अहो काकू, कोटिंगमुळे वरचा रंग वाचतो. पण खाली पोटाला, सांध्यांत मीठ अडकलेलं असतंच की. थंडीत ते गप्प पडून असतं. ऊब आणि ओल मिळाली की जोमाने खायला लागतं. काकांना सांगा, आंघोळ घालायची तर झटपट घाला, नीट कोरडी करा, पण असं उकडत ठेवू नका."

वर्ना इतक्या आनंदाने घरी आली, की वाटेत तिने हमरस्ताच धरला. एल्मरने सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस विचार केला. वर्नाने मनातल्या मनात सौनेच्या फळ्या घासायलासुद्धा घेतल्या. आणि शनिवारी पुन्हा धूर निघाला. थोड्या वेळाने रुंद दरवाजा सताड उघडला, वाफेचा लोट बाहेर आला, त्यातून गाडी आपोआप घसरत मागे मागे येऊन अंगणातल्या बर्फाच्या ढिगात रुतली, आणि तिच्या मागून आलेला एल्मर, अंगावर सूत नाही, फावड्याने तिच्यावर बर्फ टाकायला लागला.

त्याचा तर्क सरळ होता. ऊब वाईट असेल, तर ऊब दिल्यावर लगेच गार करायचं. माणूस नाही का सौनेतून निघून बर्फात लोळत? त्याने आजवर कुणाचं वाईट झालंय?

त्याच आठवड्यात सिग्नेचा फोन आला. सिग्ने ही वर्नाची थोरली बहीण, फ्लोरिडात लेक वर्थ नावाच्या गावात राहायची. तिकडे फिनिश लोकांची अख्खी वसाहत आहे. ती म्हणाली, "ये गं इकडे. हिवाळा संपेपर्यंत राहा. एकटीला मला घर खायला उठतं." विमानात वर्ना मेली तरी बसणार नव्हती, पण चर्चमधलं एक जोडपं मोटारीने तिकडे निघालं होतं आणि त्यांच्याकडे जागा होती. गुरुवारी जेवताना वर्नाने सांगितलं, "सोमवारी मी सिग्नेकडे जाते आहे. वसंतापर्यंत."

एल्मरने सूपातून मान वर केली.

"हं," तो म्हणाला.

वर्नाने त्याच रात्री बॅग भरली. आणि भरता भरता ठरवून टाकलं, की परत यायचं की नाही हे तिकडे गेल्यावर बघू. पण जायच्या आधी एक गोष्ट तिला कळायलाच हवी होती. तो त्या गाडीशी बोलतो तरी काय?

शनिवारी एल्मर बाहेर चुलीत लाकडं सारत असताना ती गाऊन घालून सौनेत गेली, गाडीचं मागचं दार उघडलं, जोडे काढून फळीखाली लपवले आणि मोज्यांवर मागच्या सीटवर आडवी झाली. इतकी चिडलेली असूनही कायदा मोडायचं तिच्या मनात आलं नाही. वरून तिने घोंगडी ओढून घेतली. गाडीसाठी एल्मर सौना जेमतेम पन्नास डिग्रीवर ठेवायचा. जन्मभर नव्वदमध्ये बसलेल्या बाईला ती म्हणजे उन्हाळ्यातली दुपार.

एल्मर आत आला. कपडे खुंटीला लावले. दगडांवर पाणी चुरचुरलं, काचा धुरकट झाल्या. मग वरून पाणी पडायला लागलं, बादलीमागून बादली, आधी छतावर, मग दारांवर, मग खाली.

"आज मिठाच्या ट्रकच्या मागेच सापडलो," तो म्हणाला. "चूक माझीच. वळणावर पुढे काढता येईना." मग फेस लावल्याचा मऊ आवाज. मग सौनेत अंगावर मारून घेतात ती भूर्जाच्या कोवळ्या फांद्यांची जुडी चाकांच्या कमानींवर सपसप पडायला लागली. "गुडघ्यांत बरंच धरलंय तुझ्या."

वर्नाने घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं.

पुन्हा पाणी चुरचुरलं. एल्मर फळीवर बसला असावा, फळी करकरली.

"वर्ना सोमवारी चालली," तो म्हणाला.

बादली जवळ ओढल्याचा आवाज आला.

"मी काय म्हणणार? जा म्हटलं तर वाटेल, मला नकोशी झाली. नको जाऊ म्हटलं तर वाटेल, बहिणीपासून तोडतो. म्हणून हं म्हटलं." मग काळजीने, "हं चाललं ना?"

गाडी काही बोलली नाही. वर्नाही नाही.

"तिची आई गेली, ते तुला सांगितलंय का मी? नसेल. हिरवी गाडी होती तेव्हा. पहाटे मार्केट शहरातल्या दवाखान्यातून फोन आला, आईचं खरं नाही, निघा. निघालो. अर्ध्या वाटेत गाडी मधोमध मोडली. मोडली म्हणजे काय, वाकून पोट रस्त्याला टेकलं. मिठाने खाल्ली होती. मला माहीत होतं खाल्लीय. म्हटलं, एवढा एक हिवाळा काढेल." पळा बादलीत पडल्याचा आवाज. "वर्ना बर्फात रस्त्याच्या कडेला उभी. कुणाच्या तरी ट्रकमधून पोचलो तोवर आई गेलेली. मी वर खोलीत गेलोच नाही. तोंड कुठे होतं मला? खाली फोनपाशी उभा राहिलो, मोडकी गाडी उचलून न्यायचं बोलत. वर्ना खाली आली, एक शब्द बोलली नाही. परत येताना नाही. नंतरही कधी नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

वर्ना घोंगडीखाली उठून बसली.

"सिग्नेचं वय झालंय," एल्मर म्हणाला. "एक दिवस तिकडूनही फोन येईल. फ्लोरिडा लांब आहे, आणि ही विमानात बसत नाही. त्या दिवशी तू मोडायचं नाहीस. कळलं? मी तिला परत उशीर होऊ देणार नाही."

वर्नाला बोलायचं होतं. तिने घोंगडी बाजूला सारली. आणि तेवढ्यात एल्मरने दरवाजा लोटला आणि चाकामागचा ओंडका काढला. गाडी घसरली. वर्ना मागच्या सीटवरून दोन सीटांच्या मधे पडली. धप्पकन गाडी ढिगात रुतली आणि वर फावड्याने बर्फ यायला लागला. तिने दार ढकललं. ओल्या दाराच्या कडा केव्हाच गोठल्या होत्या. दुसरं दार ढकललं, तेही तसंच. मग ती गाऊन सावरत, ढोपरं आपटत पुढच्या सीटवर गेली आणि दोन्ही हातांनी भोंगा दाबला.

एल्मर फावडं धरून उघडाबंब उभा राहिला. त्याने लाल गाडीकडे पाहिलं.

"काय?" तो गाडीला म्हणाला.

भोंगा परत वाजला. त्याने पुढे होऊन कोपराने काचेवरचा बर्फ खसाखसा पुसला. ट्रॅव्हिसने पाहिलं असतं तर दुकान बंद केलं असतं. काचेच्या आत वर्नाचं तोंड.

"वर्ना?"

"मग काय सांताक्लॉज?"

"आत काय करतेस?"

"ऐकत होते!"

एल्मर हे पचवत उभा राहिला. मग त्याच्या तोंडून निघालं, "मोजे घातलेत ना?"

"घातलेत रे! दार उघड!"

त्याने ओढलं, पाय लावून ओढलं. दार हललं नाही. त्याची दाढी पांढरी व्हायला लागली आणि गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. "आत जा!" वर्ना ओरडली. "मरशील! ऊब घेऊन ये!" तो पळत सौनेत गेला. जरा वेळाने अंगातून वाफा काढत परत आला आणि काचेला तोंड लावून म्हणाला, "जाऊ नकोस सोमवारी."

"हे गुरुवारी का नाही म्हणालास?"

तो विचार करत उभा राहिला, तोवर दात वाजायला लागले, आणि परत आत पळावं लागलं. पुढच्या खेपेला उत्तर घेऊन आला. "गुरुवारी सुचलं नाही."

"आणि आईचं?"

"काय आईचं?"

"माझी आई पहाटेच गेली होती, एल्मर!"

"काय?"

"पहाटे! आपण घराला कुलूप लावायच्या आधी! माझा भाऊ होता ना तिच्याजवळ, त्याने सांगितलं. गाडी विमानासारखी उडाली असती तरी आपल्याला उशीरच झाला असता!"

एल्मर हलेना. त्याच्या टकलावर बर्फ साचायला लागला.

"तू सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू विचारलं नाहीस! मी वर आईपाशी रडत होते आणि तू खाली मोडक्या गाडीसाठी फोन करत होतास. मला वाटलं, ह्याला माझ्या आईपेक्षा गाडीचं पडलंय. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं!"

मग एल्मर वळून आत गेला. या खेपेला लवकर आला नाही. वर्नाने वाट पाहिली. म्हातारा चक्कर येऊन पडला की काय, या भीतीने ती भोंगा दाबत सुटली. तेव्हा तो आला. डोक्यावर लोकरी टोपी, पायांत जोडे, मधे काही नाही, आणि हातात गोठलेल्या तळ्यात मासे पकडायला भोक पाडतात ती लांब पहार. त्याने पहारीचं टोक दाराच्या फटीत खुपसलं.

"एल्मर! रंग!" वर्ना किंचाळली.

"रंग गेला खड्ड्यात," एल्मर म्हणाला, आणि अंगाचा सगळा भार टाकला. पहार निसटली, दारावरून आडवी कर्र करत पार मागच्या चाकापर्यंत गेली. कोटिंगसकट लाल रंगाची साल निघाली. त्याने परत खुपसली. दार मोठ्याने तडकलं आणि उघडलं. वर्ना मोज्यांवर बर्फात उतरली, त्याने तिला धरलं, आणि दोघं एकमेकांना ओढत सौनेत शिरली.

सौना कोमटच होती. रुंद दरवाजा अर्धा उघडा राहिलेला, जमिनीवर खारा गाळ. दोघं वरच्या फळीवर जाऊन बसली. थरथर थांबायला बराच वेळ लागला.

"सोमवारी त्या लोकांबरोबर नको," एल्मर म्हणाला. "आपण आपल्या गाडीने जाऊ. दोघं."

"आणि मीठ?"

"असू दे."

त्याने दगडांवर एक पळा पाणी टाकलं. दुसरा टाकला. मग पळा हातात तसाच धरून, तिच्याकडे न बघता, त्याने विचारलं, "आईच्या खोलीत... त्या दिवशी वर... काय झालं?"

वर्नाने गाऊनच्या बाहीने नाक पुसलं. "भाऊ खिडकीशी उभा होता," ती म्हणाली. "आईचे केस विंचरलेले होते. कुणी विंचरले, मला अजून माहीत नाही."

अर्ध्या दरवाजातून अंगण दिसत होतं. गाडीचं दार उघडंच राहिलं होतं, आतला दिवा लागलेला, आणि बर्फ सरळ सीटवर पडत होता. दोघांनीही ते पाहिलं. एल्मर उठला, त्याने सौनेचा दरवाजा ओढून घेतला, परत तिच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मग?"